छुपे दुवे आणि व्यापाऱ्याची गाळणी

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा ‘प्रतिरूपकव्यवहार’ होय. अस्सल मालात तत्सदृश हलका माल मिसळणे, अथवा नकली वस्तूस खरीचे रूप देऊन ती विकणे, हा त्याचा अर्थ. हरमलच्या मिरचीत परकी मिरची मिसळली, तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील जाणते गिऱ्हाईक ती रंगावरून व वासावरून ओळखते. सांप्रत हाच अतिचार ई-मेलच्या वाटेने आपल्या पेढीवर येतो. तेथे ना रंग, ना वास. म्हणून त्याची परीक्षा कशी करावी, हे जाणून घेणे प्रत्येक व्यापाऱ्यास अगत्याचे आहे.

अनाहूत मेलची प्रथा जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने ‘आर्पानेट’ या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांस एकच जाहिरात धाडली. तो केवळ उपद्रव होता. आजचा लबाड मेल मात्र बँकेचा परवलीचा शब्द किंवा थेट रक्कमच मागतो, आणि त्याचे मुख्य हत्यार म्हणजे छुपा दुवा, अर्थात लिंक.

दुव्यास दोन अंगे असतात : डोळ्यांस दिसणारी अक्षरे आणि त्यांमागील खरा पत्ता. ही दोन्ही जुळलीच पाहिजेत असा यंत्राचा नियम नाही. ‘आपल्या बँकेत प्रवेश करा’ अशा अक्षरांमागे कोणताही पत्ता दडविता येतो. दुसरी युक्ती लांबलचक पत्त्याची. समजा, ‘जीएसटी डॉट गव्ह डॉट इन डॉट परतावा-तपासा डॉट टॉप’ असा पत्ता आला. प्रारंभीची अक्षरे सरकारी वाटतात; परंतु पत्त्याचा धनी शेवटून ओळखावयाचा असतो. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपासून डावीकडे वाचत गेल्यास येथील धनी ‘परतावा-तपासा डॉट टॉप’ हा कोणी अनोळखी इसम ठरतो. तिसरी युक्ती सारख्या अक्षरांची. रोमन ‘ए’ आणि रशियन लिपीतील ‘अ’ ही लहान अक्षरे दिसावयास एकच, पण यंत्राच्या लेखी भिन्न. चौथी युक्ती म्हणजे आखूड केलेला दुवा किंवा क्यूआर चित्र. त्यात पत्ता दिसतच नाही.

या प्रतिरूपांवर मेल-सेवांनी जी गाळणी बसविली आहे, तिला तीन पदर आहेत. पहिला पदर पाठविणाऱ्याची ओळख तपासतो. ‘एसपीएफ’मध्ये त्या डोमेनच्या वतीने कोणत्या यंत्रांनी मेल धाडावा याची यादी असते, ‘डीकेआयएम’ ही अंकीय सही, आणि या दोन्हींपैकी एकही दर्शनी नावाशी न जुळल्यास काय करावे, हे ‘डीमार्क’ सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठविणाऱ्यांस ही तिन्ही आवश्यक केली. दुसरा पदर मजकुरातील दुवे काढून ज्ञात लबाड पत्त्यांच्या यादीशी ताडून पाहतो. तिसरा पदर शब्दांचा संभव मोजतो. पॉल ग्रॅहॅम यांनी २००२ साली लिहिलेल्या निबंधामुळे ही संभाव्यतेची रीत लोकप्रिय झाली.

तथापि ही गाळणी निर्दोष नव्हे. चोराने स्वतःचेच डोमेन विकत घेतले, तर त्याची सही खरीच ठरते. सही ओळख सांगते, सचोटी नव्हे. शिवाय मेल पोहोचतेवेळी निरुपद्रवी असलेले पान मागाहून बदलता येते. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. पुढे ते पुन्हा गाळावे लागते. तद्वत दुवा उघडण्याच्या क्षणी पुन्हा तपासला पाहिजे. उलटपक्षी, कधी सच्च्या गिऱ्हाइकाची मागणीही स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडते. गाळणीत उरलेले जीव आपण जपून मूळ पाण्यात सोडतो. त्याचप्रमाणे तो कप्पाही दिवसातून एकदा पाहावा, मात्र त्यातील दुव्यास हात लावू नये.

शेवटची गाळणी व्यापाऱ्याचीच. शहाजोग हुंडी घेऊन येणारा खरोखर पतवान ‘शाह’ आहे की नाही, याची चौकशी केल्यावाचून आपले पूर्वज रक्कम देत नसत. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, नव्या खात्यात भरणा करा’ असा मेल सुरतेहून वा इचलकरंजीहून आला, तर त्या मेलमधील क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर दूरध्वनी करावा. बँकेचा व करखात्याचा पत्ता स्वहस्ते लिहावा. भारतीय रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जाण्यास फर्माविले होते. ती खूणही लक्षात असावी.

इतके करूनही रक्कम गेलीच, तर संकोचाने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती गोठविता येण्याचा संभव असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड अन्वये संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या पेढीवरील मेल बहुधा तरुण कारकून उघडतो. मालकाच्या नावाने ‘ताबडतोब पैसे धाडा’ असा हुकूम आला, तरी उलट विचारण्याची मुभा त्यास असली पाहिजे. जेथे नोकर मालकास निर्भयपणे प्रश्न करू शकतो, त्या पेढीत प्रतिरूपकव्यवहारास शिरकाव मिळणे कठीण.