भाव सांगितला म्हणजे जागा दिली नव्हे

मुंबई-गोवा हायवे रुंद झाल्यापासून पोलादपूरच्या बाजूला रस्त्यालगत जागा असणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. गाडी थांबते, काच खाली होते, 'काका, गुंठ्याला काय भाव?' बाळा, भाव सांगायला घाबरू नकोस. आकडा सांगितलास म्हणून जागा गेली असं होत नाही. त्या आकड्याला काय जोडतोस, तेवढं मात्र जपून बोल.

महाडात दस्त लिहिण्यात माझी उमर गेली. समोर आलेली निम्मी भांडणं 'तुम्हीच भाव दिला होतात' या वाक्यावरून. कोर्टाने याचा निकाल कधीच लावलाय. कुर्गातल्या मडिकेरीच्या एका बंगल्याचा खटला सुप्रीम कोर्टाने 1951 साली निकाली काढला. मालकाने कळवलं होतं, 'दहा हजारांच्या खाली घेणार नाही.' घेणारा म्हणाला, 'मला मान्य, बंगला माझा.' कोर्ट म्हणालं, नाही. ती देऊ केलेली किंमत नव्हे, तिथून पुढे बोलायचं एवढाच अर्थ. लग्नात बोलणी वेगळी आणि सुपारी फुटणं वेगळं, तसंच हे.

मग सुपारी कधी फुटते? बोलायच्या आधी मनाशी विचार: समोरच्याने आत्ता नुसतं 'हो' म्हटलं, तर ठरवायचं काही उरतं का? उरत असेल तर बोलणी. कुठली जागा, किती, कोणत्या भावाने, पैसे कधी, हे सगळं सांगून 'तुम्ही हो म्हणा, मी दिली' म्हणालास, तर तो 1872 च्या करार कायद्यातला प्रस्ताव झाला. आता दोरी त्याच्या हातात. त्याने होकार देण्याआधी शब्द मागे घेता येतो, नंतर नाही. म्हणून देऊ करशील तेव्हा मुदत घाल: 'हा भाव पंधरा तारखेपर्यंत.'

आणि होकार कोरा हवा. 'घेतो, पण वाट काढून द्या' हा होकार नव्हे, हा त्याचा नवा प्रस्ताव. तुझा जुना तिथेच मेला. उद्या तो 'बरं, वाट राहू दे, पहिल्या भावाने द्या' म्हणत आला, तरी तुझ्यावर बंधन नाही. हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं.

झाडं घेणारा ठेकेदार याहून वस्ताद. अंगणात चहा पिता पिता साग, ऐन, किंजळ बोटाने मोजतो, एक उक्ता आकडा टाकतो, खिशातून पाचशेच्या चार नोटा काढून तुझ्या हातात कोंबतो. 'राहू द्या हो, घरचेच आपण.' नोटा तशाच परत दे. तोडीची परवानगी कोण काढणार, कुठली झाडं ठेवायची, माल कधी उचलायचा, यातलं काही बोलणं झालेलं नसतं, आणि नोटा घेतल्यास तर उद्या तो त्यांना इसार म्हणेल.

एमआयडीसीतल्या कारखान्याने भंगाराचं टेंडर काढलं, की आपली पोरं 'माल सुटला' म्हणून नाचतात. टेंडर म्हणजे नुसतं बोलावणं. देऊ करतो तो टेंडर भरणारा, आणि कारखाना ते नाकारू शकतो.

तोंडी करार चालत नाही, या भ्रमात राहू नकोस. जमिनीच्या विक्रीचा तोंडी करारही कोर्टात टिकू शकतो, फक्त सिद्ध करताना घाम फुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा तर पुरावा म्हणून आयताच सापडतो. म्हणून पहिल्याच मेसेजात लिही: 'सध्या फक्त बोलणी. साठेखतावर सह्या झाल्याशिवाय व्यवहार ठरला असं धरू नये.' रागावणारा रागावेल. घेणारा असेल तो थांबतो.

घेणारा शेतकरी आहे का, तेही आधीच विचार. नसेल तर शेतजमिनीचं पुढचं बोलणंच परवानगीवाचून फुकट. आणि इसार घेण्याआधी सातबारा उघडून बस. तुझं नाव खाली कुठेतरी आहे. वरच्या सगळ्या हिस्सेदारांना फोन लाव, परळच्या आत्यालाही. तिची सही मिळायला वेळ लागतो.