चुंबकाच्या उपचाराला जाण्याआधी

आमच्या अण्णांना कंपवात (पार्किन्सन्स) आहे. हाताच्या थरथरीपेक्षा त्यांना पाय अडकण्याचा त्रास जास्त. अंगणातून नीट चालत येतात आणि उंबरठ्याशी आले की जागीच खिळतात. "मी म्हणतो चल, पण पाय ऐकंनात," म्हणतात. अशा घरात 'ऑपरेशन नाही, चुंबकानं बरं होतं' असा निरोप आला की शिरड शहापूरहून माणूस वसमत, नांदेड सोडून आणखी लांबही जातो. आम्हीही गेलो.

तिथं आठच्या आकड्यासारखं तारेचं वेटोळं डोक्याजवळ धरतात. टकटक आवाज होतो, म्हणून कानात बोळे. मध्येच अण्णांचा अंगठा आपोआप उडायचा. वेटोळ्यातल्या विजेमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यानं मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी चेतवल्या जातात. १९८५ साली इंग्लंडमध्ये अँथनी बार्कर यांनी हे करून दाखवलं. ही भोंदूगिरी नव्हे. अमेरिकेत २००८ मध्ये नैराश्यासाठी याला मंजुरी मिळाली, कंपवातासाठी नाही. काही रुग्णांच्या हालचाली थोड्या सुधारतात, पण तो गुण कालांतरानं ओसरतो. आजार मुळातून जात नाही.

हे आम्हाला तिथं कुणी सांगितलं नाही. सगळे पैसे आधी भरून घेतले, वर "आता गोळ्या कमी करा" म्हणाले. गोळ्या कमी होताच अण्णांना रात्री कूसही वळता येईना. आमच्या न्यूरोलॉजिस्टांनी डोस पूर्ववत केला तेव्हा ते उठून बसले. लेव्होडोपा ही कंपवातावरची गोळी एकाएकी तोडली तर तीव्र ताप येऊन, अंग ताठून जिवावर बेतू शकतं.

जायचंच असेल तर आधी विचारा, नेमकं कोणतं लक्षण सुधारेल आणि किती दिवस? फिट, पेसमेकर, डोक्यातली धातूची क्लिप, कानातलं कॉक्लिअर यंत्र, यातलं काहीही असेल तर न विचारताही सांगा. उपचाराआधी चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.

आमच्याकडे गुण आला तो साध्या गोष्टींनी. गोळी घड्याळ लावून, जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिला आड येतात. उंबरठ्याअलीकडे पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की अण्णांचा पाय उचलतो. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात अशी अनेक कुटुंबं आहेत, त्यांच्याशी बोला. आणि न्यूरोलॉजिस्टांना विचारल्याशिवाय, कुणीही सांगो, एक गोळीही कमी करू नका.