वेगाचा हिशेब : जगातील सर्वात वेगवान महासंगणकांपासून कारखानदाराने काय शिकावे?

संगणक आता आमच्या दुकानांत आणि कारखान्यांत नवा राहिलेला नाही. बिले त्यावर निघतात, भरतकामाची मशिने त्यावर चालतात. परंतु या संगणकांचा जो बाप, त्या महासंगणकाविषयी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना फारशी माहिती नसते. तो आपल्याला विकत घ्यायचा नाही, हे खरे. तरीही त्याचा अभ्यास करण्यासारखा आहे. कर्ज काढून नवे मशीन घेताना जे प्रश्न आपल्यासमोर उभे राहतात, नेमके तेच प्रश्न त्या यंत्राच्या कारागिरांसमोरही उभे राहिले.

माप कोणते?

कापड मीटरने, सोने तोळ्याने, तसा महासंगणकाचा वेग ‘फ्लॉप्स’ने मोजतात, म्हणजे एका सेकंदात दशांश चिन्हांच्या आकड्यांची किती गणिते केली. १९९३ पासून दरवर्षी जून आणि नोव्हेंबर महिन्यांत जगातील पहिल्या ५०० महासंगणकांची यादी प्रसिद्ध होते. तिच्यासाठी ‘लिनपॅक’ नावाची एकच परीक्षा सर्वांना द्यावी लागते. या परीक्षेत समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवायचा असतो. समीकरणे सोडवण्याच्या या विद्येचे ‘अल्जिब्रा’ हे नाव नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथावरून आले. वारसा-वाटणी, व्यापार आणि जमीन-मोजणीचे हिशेब सुटावेत, हा त्या ग्रंथाचा एक हेतू होता.

१९९३ च्या पहिल्या यादीत अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील यंत्र पहिले आले. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६,००० कोटी गणिते इतका होता. २०२२ साली ओक रिज येथील ‘फ्रंटियर’ने एक एक्साफ्लॉपची, म्हणजे एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांची सीमा ओलांडली. नोव्हेंबर २०२४ च्या यादीत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेचे ‘एल कॅपिटन’ १.७४२ एक्साफ्लॉप्ससह पहिले आले. जगातील ८०० कोटी माणसांनी प्रत्येकी सेकंदाला एक गणित केले, तर एक एक्साफ्लॉप यंत्राचे एका सेकंदाचे काम पुरे व्हायला त्यांना सुमारे चार वर्षे लागतील!

एक उस्ताद की हजार हात?

सुरुवातीचा मार्ग एकाच अव्वल उस्तादाचा होता. सेमूर क्रे या अमेरिकन अभियंत्याने १९६४ साली ‘सीडीसी ६६००’ आणि १९७६ साली ‘क्रे-१’ ही यंत्रे बाजारात आणली. एकच प्रोसेसर, पण कमालीचा वेगवान. ‘क्रे-१’चा कमाल वेग सेकंदाला १६ कोटी गणिते होता. आज खिशातला साधा मोबाईलही त्याच्या पुढे आहे.

पण एका उस्तादाचा हात किती वेगाने चालणार? मर्यादा आली. मग काम वाटून देण्याचा मार्ग निघाला. १९९३ च्या यादीतील पहिल्या यंत्रात १,०२४ प्रोसेसर होते. फ्रंटियरमध्ये गणिते करणाऱ्या ३७,००० हून अधिक चिप आहेत, तर एल कॅपिटनमध्ये ४४,००० हून अधिक.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हात वाढवले म्हणजे त्याच प्रमाणात काम वाढत नाही. जीन अॅमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ साली हा मुद्दा मांडला. समजा, एक ऑर्डर पुरी करायला एका माणसाला १०० तास लागतात. त्यातील ९५ तासांची शिलाई वाटून देता येते. पण ५ तासांची कटिंग एकाच मास्टरला करावी लागते. दहा कारागीर लावले तर साडेनऊ अधिक पाच, असे साडेचौदा तास लागतील. शंभर लावले तर सुमारे सहा तास. हजार लावले तरी पाच तासांच्या खाली काम जाणार नाही, कारण सर्वजण कटिंगची वाट पाहत बसतील. मजुरी मात्र हजारांची द्यावी लागेल. म्हणून महासंगणकाचे जाणकार आधी वाटता न येणारे काम शोधतात आणि ते कमी करतात. प्रोसेसरची संख्या त्यानंतर वाढवतात.

कागदावरचा वेग आणि कामाचा वेग

लिनपॅक ही एक ठरलेली परीक्षा आहे. प्रत्यक्षातली पुष्कळ कामे वेगळ्या प्रकारची असतात. त्यांत प्रोसेसरला मेमरीतून आकडे सतत मागवावे लागतात. आकडे वेळेवर आले नाहीत तर वेगवान प्रोसेसर नुसता बसून राहतो. बाणा संपला की उत्तम लूमही उभा राहतो, तसाच हा प्रकार. असे काम तपासण्यासाठी ‘एचपीसीजी’ नावाची दुसरी परीक्षा घेतली जाते.

तिचे आकडे डोळे उघडणारे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रंटियरने लिनपॅकमध्ये १,३५३ पेटाफ्लॉप्स नोंदवले (एक हजार पेटा म्हणजे एक एक्सा). दुसऱ्या परीक्षेत त्याला फक्त १४ मिळाले, म्हणजे शंभरात एक! जपानचे ‘फुगाकू’ लिनपॅकमध्ये ४४२ वरच होते, पण या परीक्षेत १६ मिळवून ते फ्रंटियरच्या पुढे राहिले. त्याच्या घडणीत मेमरीचा पुरवठा नीट साधला होता. एल कॅपिटनने जून २०२५ मध्ये त्याला मागे टाकले, तेही फक्त १७ पेटाफ्लॉप्स मिळवून. विक्रेत्याच्या पत्रकातला वेग आणि आपल्या मालावरचा वेग यांतील फरक याहून स्पष्ट कसा दाखवणार?

विजेचे बिल

एल कॅपिटनला लिनपॅकच्या वेळी सुमारे २९.६ मेगावॅट वीज लागली. एक हॉर्सपॉवरची मोटर धरली तर जवळजवळ ४० हजार मोटरी एका वेळी चालाव्यात, इतकी ही वीज आहे. शिवाय चिप तापतात. त्या थंड ठेवण्यासाठी पाणी अखंड फिरवावे लागते.

तरी या बाबतीत प्रगती मोठी आहे. २०१३ साली पहिला क्रमांक मिळवणाऱ्या चीनच्या ‘तिआन्हे-२’ला १७.८ मेगावॅट वीज लागे आणि त्याचा वेग ३३.८६ पेटाफ्लॉप्स होता. एल कॅपिटनने वीज पावणेदोन पटीहून कमी वाढवली आणि काम ५१ पट केले. जुन्याच पद्धतीने वेग वाढवला असता तर ९०० मेगावॅट वीज लागली असती. विजेचा प्रश्न सोडवल्याशिवाय पहिला क्रमांक मिळणे शक्यच नव्हते.

विकत मिळेना, तेव्हा

१९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने हवा तो देण्यास नकार दिला. हवामानाच्या कामापुरते एक लहान ‘क्रे’ यंत्र अटी घालून दिले. मग १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. एक महागडा प्रोसेसर मिळत नाही, तर बाजारात मिळणारे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून काम घ्यायचे, ही त्यामागील युक्ती होती. २००७ साली पुण्यातच टाटा समूहाच्या ‘एका’ या यंत्राने जागतिक यादीत चौथा क्रमांक पटकावला. २०२४ साली पुण्याच्या हवामान संस्थेत ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक सुरू झाला. पावसाच्या अंदाजावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

चीनचीही हीच कथा. २०१५ साली अमेरिकेने त्यांच्या महासंगणकांसाठी वेगवान चिपची विक्री बंद केली. २०१६ साली स्वतःच्या चिपवर चालणारे ‘सनवे तायहूलाइट’ घेऊन चीन यादीत पहिला आला. पुरवठ्यासाठी एकाच व्यापाऱ्यावर अवलंबून राहणाऱ्याने ही दोन्ही उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

मशीन घेण्यापूर्वी चार प्रश्न

या सर्वांतून आम्ही आमच्या बांधवांसाठी चार प्रश्न काढले आहेत. विसार देण्यापूर्वी ते स्वतःला विचारावेत.

एक : आमचे काम नेमके कोठे अडते? शिलाईत, कटिंगमध्ये, की माल येण्यात? जेथे अडत नाही तेथे वेग विकत घेऊन उपयोग नाही.

दोन : पत्रकातला वेग आमच्या मालावर किती उतरतो? आपले कापड, आपला धागा, आपला पत्रा घेऊन जावे आणि समोर चालवून पाहावे.

तीन : एका नगामागे वीज किती लागेल? मशीनची किंमत एकदाच द्यायची असते, बिल दर महिन्याला.

चार : सुटा भाग किंवा कारागीर मिळाला नाही तर दुसरी सोय कोणती?

ज्यांच्याकडे पैशाची आणि विद्वानांची कमतरता नाही, त्यांनाही हे प्रश्न टाळता आले नाहीत. आपला तर एकेक हप्ता घामाचा आहे. म्हणून आधी हिशेब, मग मशीन.