आपले वजन कोणत्या देशाच्या काट्यावर?

एका निवृत्त गुरुजींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर, वजन सदुसष्ट किलो. तिथल्या तपासणीत वजनाच्या रकान्यापुढे ‘योग्य’ असा शेरा मिळाला. दिवाळीत तो घरी आला, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी त्याच आकड्यांवर ‘वजन जास्त आहे, पोट कमी करा’ असे सांगितले. गुरुजी विचारतात, “विमानात बसल्याने माणूस जाड होतो काय? यातले खरे कोणाचे मानायचे?”

प्रश्न मार्मिक आहे आणि त्याचे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांच्या उपयोगाचे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

वजन योग्य की अयोग्य हे ठरवण्यासाठी जगभर एक साधे गणित वापरतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. येणाऱ्या आकड्याला बॉडी मास इंडेक्स, थोडक्यात बीएमआय म्हणतात. गंमत अशी की हे गणित डॉक्टराने शोधलेले नाही. बेल्जियमचे केतले नावाचे एक गणिती व खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांनी १८३० च्या दशकात ते मांडले. ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे त्यांना पाहायचे होते, कोणाला पथ्य सांगायचे नव्हते. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले आणि ते दवाखान्यात शिरले.

गुरुजींच्या मुलाचा आकडा काढला तर तो २४.६ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण कोष्टकात २५ च्या आत असलेला माणूस ठीक, २५ ते ३० मध्ये असलेला वजनदार आणि ३० च्या वरचा लठ्ठ. पण २००४ मध्ये त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हावे असे सुचवले. भारतातील तज्ज्ञांनी २००९ मध्ये आणखी स्पष्ट रेषा आखली : २३ च्या वर वजन जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. म्हणजे एकशे पासष्ट सेंटिमीटर उंचीच्या माणसाला सर्वसाधारण कोष्टकाप्रमाणे लठ्ठ ठरायला जवळजवळ ब्याऐंशी किलो व्हावे लागते, आपल्या कोष्टकात अडुसष्ट किलोलाच तो शिक्का बसतो. मुलगा तोच, वजन तेच, पट्टी मात्र वेगळी. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेनेही २०१५ पासून, आशियाई वंशाच्या माणसाचा आकडा २३ झाला की साखर तपासा, असे सांगायला सुरुवात केली आहे. तेव्हा गुरुजी, इथल्या डॉक्टरांचेच ऐका.

आपल्याला वेगळी पट्टी का? याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटेखानी लेख लिहिला. सोबत दोघांचे छायाचित्र होते. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा यूडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! यूडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत जाऊन ती गाठणे, असा विनोदही त्यांनी त्यात केला होता. विनोद सोडला तरी मुद्दा गंभीर आहे. काटा हाडे, स्नायू आणि चरबी एकत्रच तोलतो. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात. कातडीखालची चरबी त्या मानाने निरुपद्रवी. पोटातली चरबी मात्र इन्शुलिनच्या कामात खोडा घालते, आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची सुरुवात तिथून होते.

हे जन्मापासूनच दिसते. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ वजनाला, उंचीला, स्नायूंना, सगळ्यात उणे. पण कातडीखालची चरबी मोजली तर ती जवळपास टिकून होती. किडकिडीत दिसणारे, तरी चरबी राखून असलेले बाळ. आई अर्धपोटी असली की गर्भ असा काटकसरीने वाढतो आणि पुढे तोच मुलगा शहरात बैठ्या नोकरीत, चार वेळा चहा-बिस्किटांत बसला की घोटाळा होतो. म्हणून मधुमेहाचा उपाय सुनेच्या ताटापासून सुरू करा असे मी नेहमी सांगतो. आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी जेवते.

आता जरा जगाची सफर करू, म्हणजे वजन नुसते पोटाशी नाही तर रीतिरिवाजांशी कसे बांधलेले असते ते कळेल.

पॅसिफिक महासागरात टोंगा नावाचे छोटेसे राज्य आहे. तिथल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे सत्तर लठ्ठ आहेत, आणि तेही ३० च्या पट्टीने. तिथे धिप्पाड देह हे मानाचे लक्षण. राजे चौथे तौफाआहाऊ तुपोऊ यांचे वजन १९७६ च्या सुमारास दोनशे किलोच्या वर होते. पण १९९० च्या दशकात याच राजांनी प्रजेसाठी वजन उतरवण्याची मोहीम काढली आणि स्वतः व्यायाम करून कित्येक किलो कमी केले. राजा पुढे असला की प्रजेला वाईट वाटत नाही, हे त्यातले शहाणपण.

परंतु नुसत्या मानापमानाने देश लठ्ठ होत नाही. ही बेटे पूर्वी मासे, नारळ, कंदमुळे खात. शेजारच्या नाऊरूमध्ये खताच्या कामी येणारे फॉस्फेट सापडले, पैसा आला, खाणींनी जमीन खाल्ली आणि जेवण जहाजाने येऊ लागले : तांदूळ, साखर, डबाबंद मांस. १९७० च्या दशकातच तिथल्या सुमारे एकतृतीयांश प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले. सामोआत अमेरिकेतून टर्कीच्या चरबीदार शेपट्या येत. अमेरिकेत त्यांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. सामोआच्या सरकारने २००७ मध्ये त्यांवर बंदी घातली, पण जागतिक व्यापार संघटनेत जायचे तर बंदी उठवा अशी अट आली आणि ती उठवावी लागली. अशा वेळी लठ्ठ माणसाला आळशी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

वंशाचा दोष म्हणावा, तर पिमा नावाच्या आदिवासींचे उदाहरण आहे. त्यांची एक शाखा अमेरिकेच्या ॲरिझोनात, दुसरी सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात. रक्त एकच. मेक्सिकोतले शेतात राबतात, घरचा मका-घेवडा खातात, त्यांच्यात मधुमेह शंभरात सात. अमेरिकेतल्यांत शंभरात अडतीस! रक्तात बी असते खरे, पण त्याला पाणी कोण घालतो हेही पाहावे लागते.

आफ्रिकेतील मॉरिटानियात मुलगी लग्नाला शोभावी म्हणून तिला लहानपणी बळजबरीने वाडगेच्या वाडगे दूध पाजण्याची प्रथा आहे. ती ओसरत चालली असली तरी पुरती गेलेली नाही. वाळवंटात दुष्काळ नेहमीचा, तेव्हा भरलेले अंग म्हणजे बापाच्या घरी गुरे असल्याचा दाखला.

याच्या उलट टोक जपान. तिथे शंभरात चार-पाच प्रौढच ३० च्या पलीकडे जातात. शाळेत मुलांना ताजे जेवण मिळते आणि जेवणे हाही तिथे शिक्षणाचाच भाग समजतात. ओकिनावा बेटावर पोट दहापैकी आठ भाग भरले की हात धुवावेत अशी जुनी म्हण आहे. २००८ पासून तर चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांची कंबर दरवर्षी मोजण्याचा कायदाच आहे. पुरुषांना ८५ सेंटिमीटर आणि स्त्रियांना ९० ही मर्यादा. त्यापुढे गेल्यास दंड नाही, सल्ला मिळतो. आर्थिक भुर्दंड बसायचा तर विमा चालवणाऱ्या संस्थांना.

जपानचेच सूमो पैलवान मात्र दीडशे-दोनशे किलोचे. त्यांची बरीचशी चरबी कातडीखाली असते, कारण रोजची कसून मेहनत. आखाडा सुटला आणि खुराक चालूच राहिला की तीच पोटात साचू लागते. कोल्हापूरकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. तालीम सोडलेला आणि थंडाई न सोडलेला पैलवान प्रत्येक गावात एक तरी असतोच.

सर्वांत बोलका अनुभव फिजी बेटांचा वाटतो. तिथे भरगच्च अंग म्हणजे घरच्यांनी केलेल्या मायेची खूण. कोणी वाळला तर त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही काय, अशी चर्चा होई. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरदर्शन आले. अमेरिकेतील संशोधक ॲन बेकर यांनी त्याच वेळी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या खेपेला एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा निघाल्या. शंभरात चौऱ्याहत्तर मुलींना आपण फार जाड आहोत असे वाटू लागले होते. पिढ्यान्‌पिढ्यांची आवड अवघ्या तीन वर्षांत उलटली.

आपल्याकडे हे दोन्ही प्रवाह एकाच घरात नांदतात. लग्नात भेटलेला पाहुणा “तब्येत सुधारली हं तुमची!” म्हणतो, तेव्हा त्याला पोट सुटले असे म्हणायचे असते. ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुक, ‘वाळलास किती’ ही काळजी. आजी नातवाला एक घास जास्त भरवते, आणि त्याच घरातली अकरावीतली मुलगी ‘जाडी म्हणतात’ म्हणून नाश्ता टाळते. अशा एका मुलीला चक्कर येते म्हणून तिची आई माझ्याकडे घेऊन आली. वजन सत्तेचाळीस, उंचीच्या मानाने अगदी योग्य. हिमोग्लोबिन मात्र आठ. तिला जाड म्हणणारा तिचा सख्खा मामा, आणि तोही थट्टेत.

त्याच महिन्यात आमच्या पेठेतले एक किराणा दुकानदार पायाची जखम दाखवायला आले. हातपाय काडीसारखे, विजारीच्या पट्ट्यावर पोट मात्र ओघळलेले. “डॉक्टरसाहेब, मी कधी साठीच्या वर गेलो नाही,” असे अभिमानाने म्हणाले. कंबर ९६ सेंटिमीटर भरली आणि उपाशीपोटी साखर दोनशे ऐंशी. बारीक माणसाला मधुमेह होत नाही या समजुतीपायी त्यांनी आयुष्यात कधी साखर तपासली नव्हती. पाय वाचला, पण अंगठा गमवावा लागला.

देशाचे चित्रही असेच आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५ च्या वर बीएमआय असलेल्या स्त्रिया शंभरात चोवीस, पुरुष तेवीस. त्याच पाहणीत शंभरात जवळजवळ एकोणीस स्त्रिया कमी वजनाच्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पोटाचा लठ्ठपणा शंभरात एकोणचाळीस जणांना आहे आणि मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत. आपल्याकडे लठ्ठपणा अजून सधन घरांत जास्त आहे. अमेरिकेत, जिथे शंभरात सुमारे चाळीस प्रौढ लठ्ठ आहेत, तिथे गरीब स्त्रियांत तो श्रीमंत स्त्रियांपेक्षा जास्त दिसतो, कारण तिथे पोटभर स्वस्त अन्न म्हणजे तळलेले आणि गोड. पाच रुपयांच्या पुड्या आपल्या वाड्यावस्त्यांवर पोचल्या आहेतच.

मग करायचे काय? शिंप्याची टेप घ्या. उभे राहून शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप आडवी धरा. पोट आत ओढू नका, टेपला फसवून काही मिळत नाही. विजारीचा नंबरही धरू नका. पोट वाढले की आपण पट्टा खाली सरकवतो, नंबर वीस वर्षे तोच राहतो. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी. जास्त असेल तर वजन काहीही असो, रक्तदाब, उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर आणि चरबीचे प्रमाण तपासून घ्या. रोज अर्धा तास भरभर चालणे, चहातली साखर निम्मी, भाताचा एक डाव कमी करून त्या जागी उसळ किंवा डाळ, एवढे सहा महिने नेटाने केले तर कंबर दोन-तीन इंच उतरलेली मी पाहिली आहे. २०२५ मध्ये वजन उतरवण्याची नवी इंजेक्शने आपल्या देशात आली. काही रुग्णांना ती खरोखर उपयोगी आहेत. पण मित्राने घेतले म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका.

वर दिलेली मापे प्रौढांसाठी आहेत. गरोदर स्त्रियांना आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती लावू नयेत. मुलांसाठी वयाप्रमाणे वाढीचे वेगळे तक्ते असतात, लहान बाळांचे अंगणवाडीतही मिळतात.