पोळ्या नव्हे, उपास मोजा

एकादशी आणि दुप्पट खाशी, ही आपल्याकडची रीत. माझी मुलगी मात्र उपासाला साबुदाण्याची उसळसुद्धा तोंडात घालत नसे. पुण्याला नोकरीला लागल्यापासून सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे तिचे उपास वाढतच गेले. सुट्टीत वाशिमला आली की भगर ताटभर पसरवायची, दोन घास घ्यायची, मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायची. देवाधर्माच्या घरात उपासाला कोण हटकणार? शेजारच्या बाया मात्र विचारायच्या, "पोरगी वाळली काहून?" त्या दिवशी ती आणखी कमी खायची.

श्रद्धेचा उपास वेळ झाली की सुटतो. खाण्याच्या आजाराचा सुटत नाही, सोडायच्या वेळी नवीन कारण निघतं. सोबत पाळी थांबणं, भर उन्हाळ्यात थंडी वाजणं, केस गळणं, जेवणानंतर लगेच न्हाणीघर गाठणं, हे दिसलं तर सावध व्हा. खाऊन उलटी काढणाऱ्यांचं वजन पुष्कळदा नेहमीएवढंच असतं. आणि हा आजार मुलग्यांनाही होतो.

ताटावर हा विषय काढू नका. मी गच्चीवर, आम्ही दोघीच असताना काढला. "जेवल्यावर नळ सोडतेस, ते मला ऐकू येतं. मी रागावले नाही. डॉक्टरांकडे सोबत येऊ?" ती चिडली. मी तिथंच थांबले आणि काही दिवसांनी पुन्हा विचारलं. मानसोपचाराचं नाव काढताच नाही म्हणणारी पोरगी "नुसतं रक्त तपासू" म्हटल्यावर तयार झाली. सुरुवात तिथूनच करावी. वरचेवर उलट्या झाल्या की पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून रक्ततपासणीबरोबर ईसीजीही हवा.

पोरगी सज्ञान आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे तिची माहिती गोपनीय असते; एरवी तिच्या संमतीशिवाय डॉक्टर ती आईबापालाही सांगत नाहीत. पण आपण घरात जे पाहिलं ते डॉक्टरांना सांगायला आडकाठी नाही. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत आणि मराठीत बोलता येतं.

नणंदेनं कारंज्याहून डिंकाचे लाडू पाठवले. डॉक्टरांनी ते थांबवले. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं आणि जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत हे दिसून आलं होतं. म्हणून माया कितीही दाटली तरी आहार डॉक्टर सांगतील तसाच, हळूहळू वाढवावा.

भोवळ येऊन पडली, छातीत धडधडलं किंवा जगणं नकोसं झालंय म्हणाली, तर कुणाच्या रुसव्याची पर्वा न करता थेट दवाखाना गाठा. एरवी फोनवर जेवणाची झडती घेऊ नका. तिच्या कामाचं, मैत्रिणींचं विचारा. बरं व्हायला कधी वर्षंही लागतात, आणि तेवढा काळ तिनं आपला फोन उचलत राहायला हवा.