समोरचं माणूस बोलेल तसं

पाटस, ता. दौंड

चि. सागर,

तुझं सेवा केंद्र छान चाललंय. कारखाना सुरू झाला की गर्दी आणखी वाढेल, म्हणून आत्ताच लिहिते. परवा मी सातबारा काढायला आले तेव्हा साडीतलं एक माणूस तुला सांगत होतं, "मी सकाळपासून थांबलेय." तू सगळ्यांदेखत विचारलंस, "काय रे, कुठून आलास?" बाकावरचे हसले. तूही हसलास.

मराठीत तोंड उघडलं की बहुतेक वेळा बाई की पुरुष ते कळतं, त्यामुळे तुला काही विचारायचीही गरज नव्हती. 'थांबलेय' ऐकलंस ना? मग "ताई, बसा" म्हणायचं. उद्या कुणी मुलीचं नाव असलेला कागद पुढे करून 'आलो' म्हणाला, तर त्याला दादा म्हण. (कोल्हापूरकडच्या बायकाही 'आलो' म्हणतात, तिथे मात्र जरा जपून!) काहीच कळलं नाही तर "तुम्ही कधी आलात?" यात कुणीही बसतं.

तू म्हणशील, आधारवर 'पुरुष' लिहिलंय. फॉर्ममध्ये कागदावरचं भर, पण हाक मारायला आधार कशाला लागतो? आणि कागदाचंच म्हणशील तर जळगावजवळच्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांची गोष्ट ऐक. महिला राखीव जागेसाठी त्यांनी भरलेला ग्रामपंचायतीचा अर्ज तृतीयपंथी म्हणून बाद झाला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. आपली ओळख आपण ठरवायची, हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच मान्य केला होता. खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढू दिलं आणि जानेवारी 2021 मध्ये गावाने त्यांना निवडून दिलं.

"लहानपणापासून पोरगा म्हणून पाहिलाय, जीभ वळत नाही," असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. लग्नात मुलीचं नावसुद्धा बदलतं आणि कालच्या पोरीला सगळी आळी दुसऱ्या दिवशी 'अहो वहिनी' म्हणते. तिथे बरी वळते जीभ! चुकून 'आला' निघालं तर 'आल्या' म्हणून पुढे जा, माफीचा तमाशा नको.

बाकावरच्यांना तू बदलू शकणार नाहीस, पण खुर्चीवरचा हसला नाही तर तेही कमी हसतील. आणि हाताखाली जो पोरगा ठेवलायस, त्याला हे आजच सांग.

तुझी,
आत्या