घरच्या ठेव्याची दुसरी प्रत

गोदावरीस पूर आला म्हणजे नाशिककर पाणी फुटांत मोजीत नाहींत; दुतोंड्या मारुतीकडे पाहून तें ठरवितात. पाणी गुडघ्यापर्यंत आलें, कमरेपर्यंत आलें, गळ्याशीं लागलें, अशी बातमी तोंडोतोंडीं गांवभर पसरते. आणि ती ऐकतांच सराफ बाजारांतील व भांडी बाजारांतील व्यापारी आपला माल वरच्या मजल्यावर हलवूं लागतात. मोलाची वस्तु पाण्याच्या वाटेंत ठेवूं नये, हा धडा नदीकांठच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या गिरविलेला आहे. परंतु आजच्या घरांत कांहीं मोलाच्या वस्तु अशाहि आहेत कीं, त्या हलवावयाच्या राहिल्या हें पाणी ओसरल्यावरच ध्यानांत येतें.

ऑगस्ट २०१९ च्या पुरांत हा अनुभव आम्हांस आला. धान्य, अंथरुणें, मुलांचीं वह्यापुस्तकें आम्हीं माडीवर नेलीं. संगणकाची पेटी मात्र मेजाखालीं जमिनीवर राहिली. त्या पेटींत आमच्या दिवंगत मातोश्रींनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून ठेविल्या होत्या. त्यांच्या अखेरच्या वर्षीं रोज थोडें थोडें जवळ बसून आम्हीं त्या घेतल्या होत्या. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली, तों आंत गाळ. कारागिरानें पुष्कळ खटपट केली, पण कांहीं हातीं लागलें नाहीं. पुढें दोन महिन्यांनीं पुण्याच्या आमच्या भाचीच्या मोबाइलमध्यें एक ओवी सांपडली. ती केव्हांतरी सहज आम्हींच तिला पाठविली होती आणि विसरून गेलों होतों. चाळीस ओव्यांतून एक उरली, ती आमच्या शहाणपणामुळें नव्हे, तर केवळ योगायोगानें. योगायोगाच्या जागीं नियम कसा आणावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

ही गोष्ट कांहीं आजकालची नव्हे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. त्या वह्या तरल्या असें परंपरा सांगते. आणि अभंग तोंवर लोकांच्या मुखीं बसले होते, म्हणून ते नदीस गिळतां आले नाहींत, असेंहि सांगितलें जातें. आपल्या काळांतील उदाहरण घ्यावयाचें, तर दिनांक २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाच्या इमारतीस आग लागून माणसें दगावलीं आणि वरच्या मजल्यांवरील अनेक फायली जळाल्या. अशा वेळीं ज्या कागदाची नक्कल दुसऱ्या एखाद्या कचेरींत असते, तो पुन्हा उभा करतां येतो. ज्याची नक्कल कोठेंच नसते, तो कायमचा जातो.

आतां ‘क्लाउड’ म्हणजे काय तें पाहूं. या शब्दाचा अर्थ मेघ. पण आपलीं छायाचित्रें आभाळांत जात नाहींत. तीं इंटरनेटच्या तारांवाटें एखाद्या मोठ्या इमारतींतील यंत्रांवर जाऊन बसतात. या इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. तेथें रात्रंदिवस वीज, थंड हवा आणि पहारा असतो. एखादी डिस्क बिघडली तरी काम अडूं नये म्हणून तोच मजकूर एकाहून अधिक डिस्कांवर ठेवितात. अशीं केंद्रें परदेशांतच आहेत असें नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें पुण्यास, ॲमेझॉननें २०१६ मध्यें आणि गूगलनें २०१७ मध्यें मुंबईस आपलीं केंद्रें सुरू केलीं. थोडक्यांत, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची, दूरच्या गांवची, कुलूपबंद कोठी. आपल्या घरीं पूर आला तरी ती कोठी कोरडी राहते, हा तिचा मोठा गुण.

पण कोठी झाली तरी ती जमिनीवरच उभी असते. दिनांक १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच नांवाच्या कंपनीचें एक डेटा सेंटर आगींत भस्म झालें. ज्या गिऱ्हाइकांनीं आपली दुसरी प्रत अन्यत्र ठेविली नव्हती, त्यांपैकीं कित्येकांचें सारें गेलें. म्हणून जाणत्यांनीं ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगितला आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं तो लोकांपुढें मांडला. प्रत्येक मोलाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकीं एक तरी घराबाहेर, दूर असावी. एक प्रत मोबाइलमध्यें, दुसरी कपाटांतील हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडमध्यें, एवढ्यानें सामान्य घराचा हा नियम पाळला जातो.

येथें एका भ्रमापासून सावध केलें पाहिजे. पुष्कळ मोबाइल आपल्याकडील फायली क्लाउडशीं सारख्या जुळवून घेतात. यास ‘सिंक’ म्हणतात. सिंक म्हणजे आरसा. आरशासमोरून वस्तु उचलली कीं आरशांतूनहि ती जाते. तशीच मोबाइलवर पुसलेली फाइल क्लाउडमधूनहि पुसली जाऊं शकते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटींत अशी फाइल ३० दिवस राहते. त्यानंतर ती परत मिळण्याची आशा धरूं नये. म्हणून कपाटांतील स्वतंत्र प्रत अनावश्यक समजूं नये.

खर्चाचा प्रश्नहि पालकांच्या मनांत येईल. गूगलच्या खात्यांत सामान्यतः १५ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते. एक छायाचित्र सुमारें ३ मेगाबाइटचें धरिलें, तर त्यांत पांच हजारांच्या आसपास छायाचित्रें मावतील. मात्र पत्रव्यवहारहि त्याच जागेंत राहतो, हें विसरूं नये. शाळेच्या दाखल्यासारख्या सरकारी कामाच्या कागदांकरितां केंद्र सरकारनें २०१५ मध्यें सुरू केलेली डिजिलॉकर ही सोय आहे. अनेक परीक्षा-मंडळांच्या गुणपत्रिका तींत थेट मिळतात.

आतां किल्ल्यांविषयीं. कोठी कितीहि भक्कम असली तरी तिची किल्ली हरवली तर ती मालकासच बंद होते. खात्याचा सांकेतिक शब्द लांब आणि इतर खात्यांहून निराळा असावा. दुसऱ्या पडताळणीची सोयहि चालू ठेवावी. पण पडताळणीचा संदेश ज्या मोबाइलवर येतो, तोच पुरांत गेला तर काय? यासाठीं गूगल आठ आंकडी दहा संकेतांची यादी देतें. ती कागदावर उतरवून घरांतील महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत ठेवावी. शिवाय दोन वर्षें खात्याकडे कोणी फिरकलेंच नाहीं, तर गूगल तें खातें काढून टाकूं शकतें. आजोबांच्या खात्यांत घरचीं छायाचित्रें असतील, तर हें कुटुंबांतील दुसऱ्या एखाद्यास ठाऊक असलें पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत एक काम करा. घरांतील वडील माणसांजवळ बसून विचारा कीं, या मोबाइलमध्यें कोणत्या दहा गोष्टी अशा आहेत, ज्या पुन्हा बाजारांत मिळणार नाहींत? त्यांची यादी करून प्रत्येकीच्या तीन प्रती करा. मग क्लाउडमधील एक फाइल दुसऱ्या यंत्रावर उतरवून उघडून पाहा. जी प्रत कधीं उघडून पाहिलीच नाहीं, ती आहे असें मानूं नये.

या कामास फार तर एक दुपार लागेल. आम्हांस ती दुपार २०१९ पूर्वीं कितीदां तरी मिळाली होती. आज मातोश्रींची ती एकच ओवी आम्ही तीन ठिकाणीं जपून ठेविली आहे. बाकीच्या ओव्यांचे शब्द कांहीं आठवतात, पण आवाज परत येत नाहीं.